सेल्फ मारला आणि गाडी गप्प: बॅटरी बदलण्याआधी जरा ऐका

दिवाळीला आठ-दहा दिवस गावाला जाऊन आलात, सोमवारी सकाळी ऑफिसला निघायचंय, बॅग मागे टाकली, बसलात, चावी फिरवली आणि टक. किंवा टक-टक-टक-टक. किंवा काहीच नाही. पुढच्या पाच मिनिटांत पार्किंगमध्ये कमिटी बसते. वॉचमन म्हणतो बॅटरी, दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात प्लग, त्यांचा मुलगा म्हणतो सेन्सर, आणि जो येतो तो बॉनेटमध्ये असा वाकून बघतो जणू विहिरीत कोणीतरी पडलंय.

मीही या कमिटीचं ऐकून साडेचार हजारांची नवी बॅटरी घातली होती. दोन दिवस छान चालली, तिसऱ्या दिवशी परत टक-टक. शेवटी निघालं काय, तर बॅटरीच्या मायनसपासून गाडीच्या बॉडीला जाते ती वायर, गॅरेजवाले जिला 'अर्थ' म्हणतात, तिचा नट ढिला होता. दहा नंबरचा पाना, अर्धा मिनिट, विषय संपला. जुनी बॅटरी तोवर एक्स्चेंजमध्ये गेलेली, आणि ती चांगली होती हे आता कोणाला सांगणार. त्यानंतर मी आधी कान देतो, मग खिशात हात घालतो.

"चालू होत नाही" म्हणजे नक्की काय?

मराठीत आपण एकच वाक्य म्हणतो पण त्यात तीन वेगळे आजार आहेत. एक, चावी फिरवल्यावर इंजिन फिरतच नाही. दोन, फिरतं पण म्हाताऱ्या बैलासारखं, गर्रर्र... गर्र... आणि थांबतं. तीन, मस्त जोरात फिरतं, खर्र-खर्र-खर्र करत राहतं पण पकडत नाही. पहिल्या दोघांचं मूळ बहुतेक विजेत असतं. तिसऱ्यात वीज ठणठणीत असते, तिथे बॅटरी बदलणं म्हणजे पाय मोडलाय आणि चष्म्याचा नंबर तपासतोय.

ही फोड आधी करा, अर्धं काम तिथेच होतं. खरं सांगतो, फोनवर मेकॅनिक पहिला प्रश्न हाच विचारतो, "सेल्फ घेतोय का?"

हा सेल्फ म्हणजे कोण?

इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. त्याला आधी कोणीतरी बाहेरून फिरवावं लागतं, मग आत हवा आणि पेट्रोल ओढलं जातं, दाबलं जातं, ठिणगी पडते आणि तिथून पुढे ते आपलं आपण फिरतं. पूर्वी हे फिरवायचं काम माणूस करायचा. पुढच्या बंपरमधून लोखंडी हँडल घालून गरगर फिरवायचं, आणि इंजिनने उलटा झटका दिला की मनगट जायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने यासाठी विजेची मोटर बसवली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि पद्मिनीवाल्यांनी हँडल त्यानंतरही कितीतरी वर्षं डिकीत ठेवलं, आमच्या घरी तर ते साप मारायला पण वापरलंय.

तर ती मोटर म्हणजे स्टार्टर, बोलीभाषेत सेल्फ. तिच्या डोक्यावर एक जाडजूड चुंबकी स्विच असतो, त्याला सोलेनॉइड म्हणतात. तुम्ही चावीने फक्त या स्विचला बारीकसा इशारा देता, तो 'टक' करून मोटरचं दातेरी चाक इंजिनच्या मोठ्या चाकात सरकवतो आणि बॅटरीची सगळी वीज मोटरमध्ये सोडतो. तुम्हाला ऐकू येणारी टक ती हीच. म्हणजे टक आली तर इशारा तिथपर्यंत पोचलाय, एवढं नक्की कळतं.

पण लाइट लागतात, हॉर्न वाजतो, मग बॅटरी कशी गेली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि लोक इथेच फसतात.

बिल्डिंगच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी किती उंचावर आहे त्यावर नळाचा जोर ठरतो, तो जोर म्हणजे व्होल्ट. नळातून किती पाणी येतंय ते अँपिअर. आता टाकीत तळाला वीतभरच पाणी उरलंय, तरी नळ उघडला की जोर दिसतोच, कारण उंची तीच आहे. पेला भरेल. पण तीन बादल्या आणि वॉशिंग मशीन एकदम लावा, संपलं.

हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात. जुन्या पद्धतीच्या एका हेडलाइटच्या बल्बलाही साधारण तेवढेच. सेल्फला मात्र लहान पेट्रोल गाडीतसुद्धा सुरुवातीला शंभर-दीडशे अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून जास्त. म्हणजे हॉर्न वाजला यावरून बॅटरीत पेलाभर पाणी आहे एवढंच सिद्ध झालं.

आणि टाकी भरलेली असूनही पाणी येत नाही असंही होतं, पाइपात क्षार साचला तर. बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे वायरी जोडतात त्या प्लस-मायनसच्या टोकांवर, जो पांढरा-हिरवट फुलोरा येतो तो तसलाच प्रकार. समजा त्या फुलोऱ्यामुळे किंवा ढिल्या नटामुळे फक्त ०.०५ ओहमचा अडथळा आलाय, ओहम म्हणजे विजेच्या वाटेतल्या अडथळ्याचं माप. हॉर्नचे पाच अँपिअर तिथून जाताना पाव व्होल्ट गमावतात, हॉर्नला पत्ताही लागत नाही. सेल्फचे शंभर अँपिअर जायला बघतात तेव्हा त्याच जागी पाच व्होल्ट खाल्ले जातात, बारातले पाच गेल्यावर सेल्फ काय फिरणार. माझा ढिला नट हेच करत होता आणि मी नवीन टाकी बसवून मोकळा झालो.

मग ओळखायचं कसं? हेडलाइट लावा

मीटर नसेल तरी चालेल. हेडलाइट लावा, समोर भिंत असेल तर उत्तम, आणि मग चावी फिरवा, नजर प्रकाशावर ठेवा.

प्रकाश एकदम मेला आणि टक-टक-टक-टक झालं तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल खराब आहे. ती भराभर टकटक का होते तर सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फ वीज मागतो, जोर पडतो, जोर पडला म्हणून सोलेनॉइड सुटतो, सुटला की जोर परत येतो, परत ओढला जातो, असं सेकंदाला कितीतरी वेळा. आधी टर्मिनल हाताने हलवून बघा. हलतंय तर तिथेच उत्तर. फुलोरा असेल तर मायनस आधी काढायचं, मग प्लस, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायचं, कोरडं करायचं, लावताना उलट क्रम, प्लस आधी. मायनस आधी का काढायचं? कारण प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर जबरदस्त ठिणगी उडते, मायनस सुटलेलं असेल तर काहीच होत नाही.

प्रकाश थोडासाच मंदावला आणि एकच दणदणीत टक आली, पुढे शांतता, तर वीज पोचतेय पण सेल्फ फिरत नाही. आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज देणारे तुकडे, झिजले असतील नाहीतर सोलेनॉइडचे पॉइंट जळले असतील. इथे गॅरेजवाल्यांची जुनी युक्ती म्हणजे एकाने चावी धरायची आणि दुसऱ्याने सेल्फच्या अंगावर पान्याने हलके टोले द्यायचे, अडकलेला कार्बन सरकतो आणि गाडी सुरू होते. बऱ्याचदा चालतं. पण ही गाडी गॅरेजपर्यंत नेण्याची सोय आहे, दुरुस्ती नाही. आणि गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हे बघूनच हात घाला.

प्रकाश तस्साच, टकसुद्धा नाही? मग इशाराच पोचत नाहीये. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एन वर आहे ना, ब्रेक दाबलाय ना ते बघा. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांतही आता क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ उचलत नाही, आणि पायाखालचं मॅट सरकून क्लचच्या मागे अडकलेलं असतं. हसू नका, खूप होतं हे.

मीटर असेल तर अजून सोपं. रात्रभर उभ्या गाडीची धडधाकट बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जायला नको. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवा, कारण तेव्हा अल्टरनेटर (जुने लोक अजून डायनॅमोच म्हणतात) बॅटरी भरत असतो. तो आकडा बारावरच राहिला तर बॅटरीला दोष देऊ नका, तिला कोणी जेवायलाच घालत नाहीये.

सेल्फ मस्त फिरतोय पण गाडी पकडत नाही

आता आजार क्रमांक तीन. पेट्रोल गाडीला हवा, पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी लागते, यातलं काहीतरी गायब आहे. चावी फक्त ऑनवर ठेवा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटजवळ कान द्या. बहुतेक गाड्यांत टाकीतला पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणतो. आवाज आला नाही तर फ्यूज, रिले नाहीतर पंप. रिले म्हणजे छोटा विजेचा स्विच, आणि फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले अनेकदा त्याच नंबरचा असतो, तो काढून पंपाच्या जागी लावून बघा, गाडी चालू झाली तर शंभर-दोनशे रुपयांत काम झालं.

सीएनजीवाल्यांनी इथे जरा थांबा. सीएनजीच्या कितीतरी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. आपण मात्र पैसे वाचवायला गाडी घेतलेली, त्यामुळे पेट्रोलचा काटा महिनोन्महिने लाल रेषेत. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो, पेट्रोल नसलं की तापतो आणि एक दिवस जातो, मग गॅस फुल असूनही गाडी जागची हलत नाही. नवा पंप पाच-सहा लिटर पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग आहे, त्यामुळे तेवढं तरी पडू द्या टाकीत. थेट गॅसवर सुरू होणाऱ्या गाड्या आता आल्यात, तुमची कुठली ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकतंय? तो इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा. चावीत एक चिप असते, गाडीने ती ओळखली नाही तर काही गाड्या सेल्फच घेत नाहीत आणि काही एक-दोन सेकंद सुरू होऊन बंद पडतात. दुसरी चावी वापरून बघा. बटणवाल्या गाडीत चावीचा सेल संपला असेल तर चावी बटणाला टेकवून धरा, बऱ्याच गाड्यांत एवढ्याने काम होतं, कारण चिपला स्वतःचा सेल लागत नाही.

आणि उंदीर. पावसाळ्यात इंजिनच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. बॉनेट उघडल्यावर लेंड्या, शेंगांची टरफलं किंवा अर्धा पाव दिसला तर सेन्सरबिन्सर सोडा, आधी वायरिंग बघा.

तीन-चारदा सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला तर ओव्हर झाली, म्हणजे ठिणगी पाडणारे प्लग पेट्रोलने भिजलेत. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा, बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांचा कंप्युटर याचा अर्थ 'पेट्रोल बंद, नुसती हवा दे' असा घेतो. पण एका दमात दहा सेकंदांहून जास्त सेल्फ कधीच मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा, नाहीतर मोटर जळते.

डिझेलला ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबली जाते की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे थंडीत आधी हीटर प्लगचा वेटोळ्यासारखा दिवा विझेपर्यंत थांबायचं, आणि टाकी कोरडी झाली असेल तर नुसतं डिझेल भरून भागत नाही, लाइनमधली हवा काढावी लागते.

हल्ली काहीही झालं की "इथेनॉलमुळेच" म्हणायची पद्धत पडलीय. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाडीच्या रबरी पाइपांना आणि सीलला हळूहळू त्रास देऊ शकतं, इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं, त्यामुळे चार-सहा महिने उभ्या गाडीच्या टाकीबद्दल शंका घेणं ठीक आहे. पण काल संध्याकाळी व्यवस्थित आलेली गाडी आज सकाळी टक-टक करतेय तर त्यात इथेनॉलचा काय संबंध?

"अहो पण काल तर चालू होती!"

बॅटरी सांगून मरत नाही हे खरं. उन्हाळ्यात ती मरते आणि थंडीत ते कळतं. नागपूर-चंद्रपूरला ४५ अंशांत बॉनेटखाली बॅटरी भाजून निघते, आतल्या प्लेटा झिजतात, पण गरम इंजिन फिरवायला सोपं असतं म्हणून काम भागतं. डिसेंबरात निफाडला पारा पाचाखाली गेला की इंजिनचं ऑइल घट्ट, बॅटरीची ताकद कमी, आणि पहाटे द्राक्षबागेत निघालेला माणूस गाडीला शिव्या देतो. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर हिवाळ्याआधी दुकानात लोड टेस्ट करून घ्या, म्हणजे प्रत्यक्ष भार टाकून तपासणी, बरेच बॅटरीवाले फुकट करतात.

दुसरं म्हणजे गाडी बंद असतानाही थोडी वीज खात असते, अलार्म, घड्याळ, कंप्युटर. समजा ३० मिलिअँपिअर. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअरने ३५ तास पुरेल एवढी. हिशोब केला तर तीन आठवड्यांत जवळपास अर्धी रिकामी होते. आणि डिकीतला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तर साडेतीन दिवसांत खल्लास. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये रांगेने गाड्या मेल्या त्या याच हिशोबाने. इलेक्ट्रिक गाडीवाले हसत असतील तर त्यांना सांगा, त्यांच्या गाडीतही मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी १२ व्होल्टची असते, आणि ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी उघडतसुद्धा नाही.

जंप, धक्का आणि इतर घरगुती उपाय

जंप करताना लाल वायर बंद गाडीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या गाडीच्या प्लसला, मग काळी चांगल्या गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून लांब. पाच मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. बॅटरी फुगलेली किंवा गळत असेल तर जंपच्या नादी लागू नका.

"जंप झाली, आता पंधरा मिनिटं फिरवून आणतो, भरेल." नाही भरणार. एका साध्या स्टार्टला लागलेली वीज काही मिनिटांत परत मिळते हे खरं, पण तळाला गेलेली बॅटरी भरायला कित्येक तास लागतात. रात्रभर चार्जरवर लावा.

धक्का मॅन्युअल गाडीलाच, इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की पटकन सोडायचा. ऑटोमॅटिकला ढकलून काहीही होत नाही. बाबांची पद्मिनी धक्क्यावर हमखास सुरू व्हायची कारण तिचा पेट्रोल पंप इंजिनवरच चालायचा आणि ठिणगी बनवणाऱ्या कॉइलला थोडीशी वीज पुरायची. आजच्या गाडीत पंप, कंप्युटर, इंजेक्टर सगळे विजेवर, त्यामुळे बॅटरी पार शून्य असेल तर अख्खी सोसायटी लावली तरी घामच निघणार. आणि इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड असतात, उतारावर हा प्रयोग नको.

अजून एक. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून "बघा, अल्टरनेटर ओके" दाखवणारे मेकॅनिक अजून आहेत. जुन्या डायनॅमोच्या जमान्यात खपून जायचं. आता बॅटरी सुटल्याबरोबर विजेचा मोठा झटका येतो आणि कंप्युटर उडू शकतो. हात धरा त्याचा, सरळ.

एका ठिकाणी मात्र चावीला हातच लावायचा नाही

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईच्या रस्त्यांवर गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. तेवढं लांब कशाला, दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या सबवेत कोणीतरी पाण्यात घालतोच. इंजिनने हवेच्या वाटेने पाणी ओढलं असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असतं, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, मग सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. वर साध्या विमा पॉलिसीत हे इंजिनचं नुकसान सहसा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि त्यातही पाण्यात सेल्फ मारत बसलात तर कंपनी वाद घालते. न्यूट्रल करा, ढकलून बाहेर काढा, टो करा. गॅरेजवाला प्लग काढून पाणी बाहेर काढेल, मगच इंजिन फिरवेल.

बाकी वेळी मेकॅनिकला फोन करताना "गाडी चालूच होत नाहीये ओ, लगेच या" एवढंच सांगू नका. "दादा, सेल्फ घेत नाहीये, टक-टक येतंय, हेडलाइट विझतायत, टर्मिनल घट्ट आहेत, बॅटरी चार वर्षांची आहे" असं सांगा. तो येताना बॅटरी आणि जंपची केबल घेऊनच येईल, नाहीतर एकदा बघायला येतो आणि सामान आणायला परत जातो, दोन्ही फेऱ्यांचे पैसे आपलेच.